गिझर बदलायच्या आधी शॉवरखाली बादली ठेवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या पाचगावात दुमजली घर, माणसं सहा, नळाला पाणी एक दिवसाआड. वरच्या मजल्यावर 25 लिटरचा गिझर आहे आणि त्याचाच पाइप खालच्या मोरीत उतरवलाय. खाली गरम पाणी यायला उशीर लागतो. थंडीत विजेचं बिल फुगतं. मुलगा तालमीतून आला की शॉवर सोडून निवांत उभा राहतो. सासूबाई म्हणतात, गिझर काढा आणि बंब पेटवा. दुकानदार म्हणतो पाणी वाचवणारा शॉवर घ्या, शेजारी म्हणतात सोलर बसवा, आणि दीर गॅस गिझरवर अडून बसलेत. तर यातलं नेमकं काय करायचं?

मी गिझर, सोलर आणि नळफिटिंगचीच कामं करतो. घरोघरी हाच वाद ऐकतो, आणि बहुतेक ठिकाणी भांडण वस्तूवरून असतं: कुठला शॉवर, कुठला गिझर, किती स्टारचा. खरा हिशेब एकाच आकड्याचा आहे. तुमच्या घरात रोज किती लिटर पाणी गरम होतं, तेवढं आधी सांगा. उत्तर त्यावरून आपोआप निघतं.

का ते सांगतो. हौदातलं 1000 लिटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला घरगुती 1 एचपीच्या मोटरला साधारण अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. तेच 1000 लिटर 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला 23 युनिटं. थंड पाणी वाचवलं तर पाणी वाचतं, वीज जवळपास नाही. गरम पाणी वाचवलं तर दोन्ही वाचतं. म्हणून गच्चीची टाकी भरून वाहिली की आरडाओरडा करणाऱ्या घरात खालच्या मोरीत गरम पाण्याची तोटी तशीच सोडून कुणी टॉवेल शोधायला गेलं, तर बिलाच्या दृष्टीनं दुसरा गुन्हा कितीतरी मोठा.

हिशेब घरीच करता येतो. एक युनिट विजेत 860 किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे 860 लिटर पाणी 1 अंशानं किंवा 43 लिटर पाणी 20 अंशांनी तापतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे टाकीतलं पाणी 20 अंशांच्या आसपास असतं आणि अंगावर घ्यायला 40 अंश पुरतं. म्हणजे 20 लिटरच्या बादलीला झालं 400 किलोकॅलरी, अर्ध्या युनिटला थोडं कमी. सहा माणसं, सहा बादल्या, दिवसाला जवळपास तीन युनिटं, महिन्याला 85च्या आसपास. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घराचा थंडीतला हा पाया आहे. याच्या खाली कुठलाही कॉइलचा विजेचा गिझर जाऊ शकत नाही, मग तो कितीही महागाचा असो.

आता मुलाकडे येऊ. त्याला रागावण्याआधी एक करा. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली शॉवरखाली ठेवा, तो नेहमी सोडतो तेवढाच शॉवर सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली पाच मिनिटांत भरली तर शॉवर मिनिटाला 4 लिटरचा, अडीच मिनिटांत भरली तर 8 लिटरचा, दीड मिनिटात भरली तर 13 लिटरच्याही वर. खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही न्हाणीघरांत मोजा, कारण एकाच घरात दोन वेगळे आकडे निघतात आणि लोकांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. टाकी शॉवरच्या 10 मीटर वर असेल तेव्हा कुठे 1 बार दाब मिळतो. तुमच्या वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम दोन मीटरचं अंतर असणार, म्हणजे दाब 0.2 बार. खाली पाचेक मीटर, म्हणजे अर्धा बार. वरचा शॉवर बहुधा 3-4 लिटरच देत असेल, खालचा 7-8.

वरच्या शॉवरखाली पाच मिनिटांची आंघोळ म्हणजे एक बादली. त्यात वाया काय जातंय? काही नाही. खालच्या शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे 80 लिटर, चार बादल्या, जवळपास दोन युनिटं. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी रोज 135 लिटर धरतात, त्यातले आंघोळीचे 55. तुमचा पैलवान एकटा त्याच्या दीडपट वापरतोय, तेही गरम. शॉवर वाईट आणि बादली चांगली असं सरसकट म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. मिनिटाला किती लिटर आणि किती मिनिटं, एवढंच विचारायचं.

दुकानदाराच्या शॉवरचं उत्तरही यातच आहे. पाण्यात हवा मिसळणारे किंवा आत चकती घालून धार मिनिटाला 6-8 लिटरवर रोखणारे शॉवर चांगले असतात, पण ते दाबावर चालतात. बऱ्याच जणांना नीट चालायला 1 बारच्या आसपास दाब लागतो. परदेशात नळाला तेवढा दाब असतोच, म्हणून तिकडे तो पहिला सल्ला असतो. आपल्या गच्चीच्या टाकीवर तो शॉवर बसवला की पाणी ठिबकतं, अंगावरचा साबण निघत नाही, माणूस दुप्पट वेळ उभा राहतो आणि आठवड्यात जुना शॉवर परत चढतो. तुमच्याकडे प्रेशर पंप नाही, तर त्या शॉवरवर पैसे घालू नका. खालच्या मोरीत शॉवरला जाणारा कॉक थोडा आवळून घ्या. बादली लावून धार मिनिटाला 5 लिटरवर आणा आणि मुठीवर मार्करनं खूण करा. खर्च शून्य.

आणि प्रेशर पंप बसवायचा विचार डोक्यात असेल तर तोही सांगतो. पंप बसला की हाच शॉवर मिनिटाला 12-15 लिटर ओकायला लागतो. आंघोळीला वेळ तेवढाच लागतो, गरम पाण्याचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. पंप असलेल्या घरातच ते चकतीवाले शॉवर कामाला येतात. दुसरी भानगड म्हणजे, पुष्कळ ठिकाणी पंप फक्त थंड पाण्याच्या लाइनवर जोडलेला सापडतो. मग मिक्सरमध्ये थंड पाणी गरमला मागे रेटतं, कधी कढत तर कधी गार येतं, आणि योग्य ऊब जमेपर्यंत बादलीभर पाणी मोरीतून जातं. गरम आणि थंड दोन्ही लाइनींना दाब सारखा पाहिजे आणि गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी पाणी मागे फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजे. शॉवरची ऊब जमत नाही अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच बघतो.

तालमीच्या पोरांबद्दल एक. घामानं आणि मातीनं भरलेलं अंग आधी भिजवायला पाणी लागतं, चोळताना लागत नाही. साबण लावताना धार बंद करायची सवय लागली तर निम्मं काम झालं. पण मिक्सर बंद केला की पुन्हा ऊब जुळवावी लागते, म्हणून मुलं बंद करत नाहीत. त्यावर सोपा उपाय म्हणजे मुठीवरच बंद-चालूचं बटण असलेला हँड शॉवर. मिक्सर आहे तसा राहतो, धार तेवढी थांबते. हे बटण आंघोळीपुरतंच वापरायचं, आंघोळ झाल्यावर मिक्सर बंद करायचाच. नाहीतर पाइपवर सतत दाब राहतो, शिवाय मिक्सरमधून गरम आणि थंड पाणी आपसात सरकत राहतं.

आता तुमच्या घरातला खरा चोर, जो तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात: गिझर वर आणि मोरी खाली. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपमध्ये मीटरला साधारण पाव लिटर पाणी बसतं. वरून भिंतीतून, वळसे घेत खाली यायला बारा मीटर धरा. म्हणजे तोटी सोडली की आधी तीन लिटर गार पाणी येणार, ते तुम्ही सांडणार. आंघोळ संपल्यावर पाइपात तीन लिटर गरम पाणी अडकून भिंतीत निवणार. अर्ध्या तासानं दुसरा माणूस आला की पुन्हा तेच. सहा माणसं सवडीनं, थांबून थांबून गेली तर 18 लिटर पाणी गेलं आणि पाऊण युनिटाच्या वर वीज गेली, अंगाला एक तांब्याही न लागता.

यावर तीन गोष्टी, आणि तिन्ही एकदम कराव्या लागत नाहीत. खालच्यांनी एकामागोमाग आंघोळ करा, मध्ये फार खंड नको. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरा आणि त्याचंच विसण घाला, नाहीतरी कढत पाण्यात गार घालायचंच असतं. बादलीनं आंघोळ करणाऱ्याला हे फुकट जमतं, शॉवरवाल्याला जमत नाही, आणि बादलीची खरी बाजू मला इथे दिसते. तिसरी गोष्ट खर्चाची आहे, पण तुमच्या घराला सगळ्यात जास्त लागू पडणारी: खालच्या मोरीत वेगळा छोटा गिझर. 3 लिटरचा, 3000 वॅटचा इन्स्टंट बसवला तर बादलीपुरतं काम होतं. त्याला वेगळी जाड वायर आणि 16 अँपिअरचा पॉइंट मात्र पाहिजे. साध्या पॉइंटवर तो लावू नका, प्लग वितळतात. आणि घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी ती बसवून घ्या, गिझरचं नंतर बघू. थंडीत बादलीत रॉड टाकणाऱ्या घरांना तर हे दोनदा सांगतो.

नवीन पाइप टाकणार असाल तर एका माणसाच्या मोरीसाठी गरम लाइन अर्धा इंचीच ठेवा. जाड पाइप म्हणजे जास्त पाणी असं मिस्त्री सांगतात, पण त्या पाइपात निवणारं पाणीही दुप्पट असतं. भिंत फोडलीच आहे तर पाइपावर काळा फोम चढवून घ्या. प्लास्टर झाल्यावर त्याची आठवण येऊन उपयोग नसतो.

गिझरबद्दलचे दोन गैरसमज इथेच निकालात काढतो. एक, पाच स्टारचा गिझर घेतला की आंघोळ स्वस्त होते. नाही होत. स्टोरेज गिझरचे स्टार असतात ते टाकीतलं तापलेलं पाणी नुसतं उभं असताना किती उष्णता गमावतं त्याचे. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्याला त्यात फरक पडतो. आंघोळीआधी लावून नंतर बंद करणाऱ्याला फार थोडा. तुमचा 25 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर थंडीत 20 वरून 60 अंशांवर जायला साधारण 35 मिनिटं घेणार आणि सव्वा युनिटाच्या आत वीज खाणार. त्यात निम्मं विसण घालून कागदावर अडीच बादल्या होतात, हाताशी दोन लागतात, कारण पाणी काढाल तसं खालून गार पाणी शिरत राहतं. तेवढाच वेळ आधी लावा, दोघांच्या आंघोळी होऊ द्या, पुन्हा तापू द्या. रात्री झोपताना लावून ठेवण्यात काही अर्थ नाही. थर्मोस्टॅट 60च्या आसपास असू द्या. 75वर ठेवला तर भाजायची भीती आणि पाइपात जास्त उष्णता वाया. पण बचतीच्या नादानं 45वर आणून तसाच ठेवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

दुसरा गैरसमज म्हणजे कॉइलवर क्षार बसले की बिल वाढतं. विजेच्या गिझरात कॉइल पाण्यातच बुडालेली असते, उष्णता जाणार कुठे? पाण्यातच. वेळ लागतो, कॉइल जळते, थर्मोस्टॅट फसतो, पण युनिटं फारशी वाढत नाहीत. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर वर्षा-दोन वर्षांनी उघडून साफ करा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला, ते टाकी टिकण्यासाठी. गॅस गिझरचं उलटं आहे. तिथे क्षार बसले की उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि गॅस खरोखरच जास्त जळतो.

बिल एकदम का फुगतं, त्याचं कारण महावितरणच्या टप्प्यांत आहे. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांवर चढतो. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही आधीच बसलेत, गिझरची युनिटं त्यांच्या डोक्यावर येऊन पडतात, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात. महिन्याला 60 युनिटं वाचली तर ती सरासरी दरानं मोजू नका, शेवटच्या टप्प्याच्या दरानं मोजा.

दिरांना तोच दर घेऊन बसवा. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये चांगल्या गॅस गिझरवर थंडीतल्या साधारण 300 बादल्या होतात. तेवढ्याच बादल्यांना विजेच्या गिझरवर 140 युनिटं लागतील. बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर गुणिले 140 करा आणि सिलिंडरची किंमत शेजारी लिहा, वाद मिटला. बहुतेकदा गॅस स्वस्त निघतो, हे मी लपवत नाही. पण वरच्या मजल्यावर तुमच्याकडे दाब कमी, त्यामुळे तो पेटायला कुरकुर करणार. शॉवर मध्ये बंद करून पुन्हा सोडला तर आधी चटका, मग गारेगार पाणी, मग पुन्हा गरम, असा खेळ होतो. आणि मुख्य म्हणजे तो न्हाणीघरात बसवायचा नाही. बंद खोलीत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. छोटी खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, अशी उत्तरं मला चालत नाहीत. बाहेर मोकळ्या हवेत जागा असेल तर बसवतो, नाहीतर काम सोडतो.

सोलर. शेजारी बरोबर सांगतायत, फक्त अर्धंच सांगतायत. 100 लिटरचा सोलर म्हणजे चांगल्या उन्हात दिवसाला 60 अंशांचं 100 लिटर पाणी, विसण घालून 200 लिटर, दहा बादल्या. सहा माणसं बादलीवर असतील तर 100चा पुरून उरतो. सहाही जण मुलासारखे 80 लिटर वापरणार असतील तर 250चा लागेल, त्याला उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून दणकट स्टँड करून घ्यावं लागेल आणि स्लॅबवर वजन वाढेल. म्हणून सोलर घेण्याआधी बादली लावून मोजा असं मी म्हणतो. लोक आधी मोठा सोलर घेतात आणि मग गरम पाणी आहेच म्हणून मोरी धुवायलाही तेच सोडतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन नावालाच असतं, आणि भिजून आल्यावर गरम पाणी तेव्हाच हवं असतं. काही कंपन्या सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल देतात. दोन बादल्यांसाठी 100 लिटर तापवणारी ही सोय मला मुळीच आवडत नाही. त्यापेक्षा सोलरचं पाणी तुमच्या जुन्या गिझरच्या थंड तोंडाला जोडा आणि गिझर टाळून पाणी जाईल असा बायपास कॉक शेजारून ठेवा. पावसाळ्यात सोलरकडून 30 अंशांचं पाणी आलं तरी गिझरला उरलेलेच अंश भरावे लागतात. उन्हाळ्यात बायपास उघडा आणि गिझर बंद ठेवा. काचनळ्यांचा सोलर असेल तर उन्हाळ्यात पाणी फारच कढत होतं, म्हणून गच्चीवरून येणारा पाइप तेवढं कढत पाणी सोसणारा आहे का ते फिटरला विचारा, आणि उघड्यावरच्या पाइपाला फोम हवाच. गच्चीवरून खालच्या मोरीपर्यंत लांबी आणखी वाढते, तेव्हा मघाचा तीन लिटरांचा हिशेब पाच लिटरांचा होईल हे धरून चाला. तोंड दक्षिणेला, आणि नारळाची किंवा शेजारच्या बांधकामाची सावली सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत पडता कामा नये. गच्चीवर एक दिवस स्वतः थांबून बघा, विकणारा बघत नाही.

एक दिवसाआड पाण्याचं म्हणाल तर बाकी बचत सगळ्यांना माहीत आहे: मोरीतलं साबणाचं पाणी फ्लशला, सुरुवातीचं स्वच्छ गार पाणी झाडांना. गळती तेवढी बघा. रात्री शॉवरखाली तांब्या ठेवा, सकाळी किती भरलाय ते कळेल. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी टपकणं साहजिक आहे, गरम झाल्यावर पाणी फुगतं. गिझर बंद असतानाही टपकत असेल तर व्हॉल्व्ह बदला. 2019 आणि 2021च्या पुरात पंचगंगा कोल्हापूरच्या पेठांमध्ये घुसली होती आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे होते, टँकरमागे कळश्यांची रांग होती. त्या दिवसांत कुणीही मोजूनच आंघोळ करत होतं. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी 2023च्या नोव्हेंबरात शहराच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलं, पण घरातला हिशेब त्यानं बदललेला नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. बंबात पाणी मोजूनच भरतात, तोटी तिथेच, पाइपात एक थेंब अडकत नाही, आणि आत कढत झालेलं पाणी घरातले सगळे एकापाठोपाठ संपवतात. मी वर जे जे सांगितलं ते बंबवाल्या घरात आपोआप होतं. शेणी, चिपाडं, करवंट्या घरच्याच असतील तर दिवाळीची अभ्यंगस्नानं आणि रविवारची डोक्यावरून आंघोळ खुशाल बंबावर करा. लाकूड विकत आणून रोज पेटवायचा असेल तर नको. बरीच उष्णता धुराड्यातून जाते, आणि तो धूर रोज कुणाच्या तरी फुप्फुसात जातो. बंब मागच्या अंगणात ठेवा, बंद मोरीत किंवा जिन्याखाली नको, कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही येतो. वरचं झाकण घट्ट ठोकून बसवू नका, वाफेला वाट पाहिजे. आणि पेटवताना आधी पाणी, मग जाळ. कोरड्या बंबाखाली जाळ लागला की सांध्याचा डाख सुटतो आणि मग तो गळका बंब दुरुस्त करणारा माणूस शोधत फिरावं लागतं.